चिरवलीच्या बांधापल्याड

आबाला कुणी वाट सांगितलेली खपायची नाही. उभ्या जन्मात त्यानं कुणाला पत्ता विचारला नाही, आणि चुकून विचारलाच तर सांगणाऱ्याशी हुज्जत घातली. "तू मला सांगतो व्हय? तुझा बाप लंगोट नेसत नव्हता तवा मी ह्या वाटंनं मेंढरं नेली," हे त्याचं ठरलेलं बोलणं. मेंढरं विकून, पाटसजवळच्या वस्तीवर ऊस लावून त्याला आता बरीच वर्षं झाली होती. उसाला पाणी द्यायला दारी धरून धरून गुडघे गेले होते. पण तोरा सगळा मेंढक्याचा. आता असल्या हेकट माणसाला जहाजात बसवायचं म्हणजे पोराच्या जिवाला घोर.

झालं होतं असं, की त्याचा मल्हार रांजणगावला एका कंपनीत होता, शिरूरला खोली करून राहायचा. वर्षभर एकसुद्धा खाडा केला नाही म्हणून कंपनीनं त्याला आणि आणखी काही कामगारांना घरच्या माणसांसकट जहाजाची सहल दिली. दोन हजार सात सालचा हिवाळा होता. मुंबईला जहाजात चढायचं, कोकणपट्टीची दोन-तीन बंदरं बघायची आणि गोव्याला जाऊन माघारी यायचं.

मल्हार वस्तीवर सांगायला आला, तेव्हा त्याची आई गिताबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. "मी न्हाई बया येत," ती म्हणाली. "हिरीत वाकून बघाय मला भ्या वाटतं, समिंदरात काय करू?"

"आये, लय भारी हाय. आधी दिघी, मग रत्नागिरी..."

गिताबाईचा हात परातीतच थांबला. "दिघी म्हंजी? म्हसळ्याच्या खालतीची?"

"तीच असंल. का?"

"मग येते मी," ती म्हणाली, आणि तव्यावरची भाकरी करपली तरी तिला कळलं नाही.

दुसऱ्या बाजाराला ती सून सोनमला घेऊन दौंडला गेली. एक हिरवा खण घेतला, आणि अगदी बारक्या, तान्ह्या लेकराच्या हातात बसतील अशा बांगड्या. सोनमनं विचारलं, "आत्या, कुणाला वो?" तर म्हणाली, "हाय एक." घरी येऊन ती वस्तू पिशवीत ठेवत होती, ते आबानं ओसरीवरून बघितलं. बघितलं आणि काम नसताना उठून उसाकडं निघून गेला. कारण 'एक' कोण ते त्याला ठाऊक होतं. त्या घरात ते दोघांनाच ठाऊक होतं.

ती त्यांची पहिली लेक. अंजना. गिताबाई तिला अंजी म्हणायची. तीस-बत्तीस वर्षांमागची गोष्ट. तेव्हा दसरा झाला की त्यांचा वाडा, म्हणजे चार-सहा घरांची मेंढरं, घोडी, कुत्री, पोरंबाळं, असा सगळा कबिला घाट उतरून कोकणात जायचा. भाताची कापणी झालेल्या शेतांत रातच्याला मेंढरं बसवायची. शेताला खत होतं, शेतवाला त्याबद्दल भात देतो. जो मेंढका पुढं जाऊन आधी बोलणी करील त्याला चांगली शेतं. आबा त्यात वस्ताद. त्या वर्षी वाडा चिरवली गावाच्या शिवारात होता आणि आबा पुढच्या गावी बोलणी करायला गेला होता. मागनं निरोप आला, की लेकरू तापानं फणफणलंय, चला. आबा म्हणाला, "एवढी बोलणी उरकतो आन् येतो."

बोलणी उरकून तो आला, तोवर अंजीला मातीत ठेवून बाया अंघोळी करून आल्या होत्या. गिताबाई पालापुढं बसली होती. पदर दुधानं भिजलेला. आबा तिच्यापुढं उभा राहिला. काय बोलावं ते त्याला सुधरेना, म्हणून जे रोज बोलायचा तेच बोलला. "चारा सरलाय. उद्या हलायचं."

"एक दिस थांबू," गिताबाई म्हणाली.

"मेंढरं थांबत न्हाईत."

आणि हलले. पुढच्या सालापासून आबानं घाटच बदलला, वाडा रोह्याच्या अंगाला उतरवायला लागला. चारा तिकडं बरा हाय, असं सगळ्यांना सांगायचा. कसला बरा आणि काय! चिरवलीचं नाव त्या दोघांत परत निघालं नाही. पुढं मल्हार झाला, मोठा झाला, त्यालाही आपल्यावर एक बहीण होती हे कुणी सांगितलं नाही. लेक कुठं पुरली, कोणत्या झाडाखाली, उशाला दगड ठेवला का नाही, एवढं विचारायची छाती त्या वाघासारख्या माणसाला झाली नाही.

तर जहाज. जहाज म्हणजे काय, गावच होतं तरंगतं. दिघीच्या आदल्या दिवशी मल्हार आबाला एका टेबलापाशी घेऊन गेला. तिथं गणवेशातली एक पोरगी बंदरावरच्या सहलींची नावं लिहून घेत होती. जंजिरा किल्ला, मग बस, समुद्रकाठी जेवण. कंपनीची सगळी मंडळी त्यात चालली होती, सायबासकट.

"किल्ला बघाय मी काय शाळंचं पोर हाय?" आबा म्हणाला. "त्यो मुलूख माझ्या पायाखालचा हाय. मी आन् तुझी आय आमच्या आमी जाऊ."

पोरगी गोड बोलली. "जाऊ शकता काका. फक्त एक लक्षात ठेवा. जहाज खोल पाण्यात उभं राहतं, धक्क्यावरून लाँचनं परत यायचं. शेवटची लाँच चारला. आमच्या सहलीची बस उशिरा आली तर लाँच तिच्यासाठी थांबते. स्वतःचं स्वतः फिरायला गेलेल्यांसाठी थांबत नाही."

"मी येतो तुमच्यासंगं," मल्हार म्हणाला.

"येऊ दे की त्याला," गिताबाई मागून हळूच म्हणाली. तिच्या मनात काय होतं ते उघड होतं. भावानं बहिणीची जागा बघावी.

"काय गरज न्हाई," आबानं तोडून टाकलं. "तू बायकूला घिऊन किल्ला बघ जा." पोरापुढं त्या जागी उभं राहायचं, आणि पोरानं विचारायचं, आबा, तवा तुमी कुठं होता? नको रे बाबा. त्यापेक्षा एकटं बरं.

सकाळी पहिल्याच लाँचनं दोघं धक्क्याला लागली. बसवाल्यांची रांग एकीकडं गेली, ही दोघं दुसरीकडं. बाहेर रिक्षावाले उभेच होते. "किल्ला? बीच? देऊळ?" आबानं एकाला खूण केली. "चिरवली ठाव हाय का? म्हसळ्याच्या अलीकडं. न्हाई? मग मी सांगतो तशी घे." रिक्षा खाडी सोडून चढाला लागली. गिताबाई पिशवी मांडीवर धरून बाहेर बघत होती. तिचा चेहरा इतका मोकळा आबानं कैक वर्षांत बघितला नव्हता. "ह्यो वढा तसाच हाय," ती म्हणाली. "हितं आपली घोडी बसली होती, ध्यानात हाय?" आबा हसला. ध्यानात होतं.

ती दोघं तशीच नीट गेली असती तर दोन घटकांत चिरवलीला पोचली असती. पण वाटेत एक गाव लागलं, आणि गावाच्या तोंडाला रामजी पाटलाचं घर.

"थांबव," आबा म्हणाला.

मेंढक्यांची एक रीत आहे. ज्याच्या शेतात मेंढरं बसवली, ज्याच्या भातावर पोरं जगली, त्याच्या दारावरून पाणी न पिता पुढं जायचं नाही. गेलात तर त्याच्या अन्नाला लाथाडलं, असं मानतात. गिताबाईलाही ती रीत ठाऊक होती, म्हणून ती उतरली. "पानी पिऊन निगू," ती म्हणाली.

रामजी पाटील म्हातारा झाला होता, पण त्यानं आवाजावरनं ओळखलं. "अरं, घाटावरचा मेंढका! जिता हायस?" मिठी मारली. पोरं, सुना, नातवंडं गोळा केली. "ह्यो बघा, ह्याच्या मेंढरांनी आपला खालचा माळ पिकवला." झालं! आबा फुलला. पाटसला त्याला कोण विचारत होतं? तिथं तो सोसायटीच्या दारात बसणाऱ्या म्हाताऱ्यांतला एक. इथं पाटलाच्या ओसरीवर तो कुणीतरी होता. पाण्याचा चहा झाला, चहाचं जेवण झालं. तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलाचं कालवण. आबा लांडग्याची गोष्ट सांगायला लागला, मग पुराची. गिताबाईनं दोन घास खाल्ले आणि ओसरीच्या कडेला पिशवी धरून बसली.

"अवं, चला."

"आलोच."

पुढच्या वाडीला सिंधूबाईचं घर. तिचा नवरा वारला होता. आता नवरा वारलेल्या बाईच्या दारावरून तसंच कसं जायचं? तिथं बसणं झालं, रडणं झालं. मग तिचा दीर आला, त्याच्या शेतातही एक साल मेंढरं बसली होती, तो हात धरून आपल्या घरी घेऊन गेला. परत चहा. रीत खरी होती, माणसं खरी होती, सगळं खरं. पण खरं सांगायचं तर आबाला त्या प्रत्येक ओसरीचा आधार वाटत होता. उठलं की चिरवली होती. चिरवलीला गेलं की गिताबाई खण पुढं करणार आणि आपण तिथं काय तोंडानं उभं राहायचं? म्हणून तो आणखी एक गोष्ट काढायचा. आणि गिताबाई दर वेळी म्हणायची, "अवं, चला की," आणि दर वेळी तिचा आवाज जरा खाली गेलेला असायचा.

शेवटी रिक्षावालाच आत आला. "आजोबा, तुम्हाला लाँच पकडायची हाय ना? मग कधी जायचं चिरवलीला?"

चिरवलीच्या वळणावर गिताबाईनंच रिक्षा थांबवली. आबाच्या आधी ती उतरली. खाली भाताची मोकळी शेतं, मधून एक लांब मातीचा बांध, त्याच्यापलीकडं झाडी. तिनं डोळ्यांवर हात धरला. मग तिचा हात वर झाला. "त्यो बांध दिसतो? त्याच्या पल्याड बघा, तितं, त्या..."

आबा रिक्षावाल्याच्या मनगटाकडं बघत होता. "किती वाजलं रं?"

"आता निघालो तर कशीबशी भेटेल. खाली उतरून येयाचं म्हणाल तर लाँच गेली समजा."

"मी पळत जाऊन येते," गिताबाई म्हणाली. ह्या वयात! बाई, पळत! "तुमी हितंच थांबा. निस्ता खण ठिवते आन् येते."

"येडी का काय? जहाज गेलं म्हंजी? सायेब लोकं हायती, मल्हारची शोभा हुईल. आई-बाप हरवलं म्हनत्याल. बस गाडीत. म्होरल्या टायमाला येऊ, यष्टीनं, निवांत."

गिताबाईचा हात अजून तसाच वर होता. तो तिनं खाली घेतला. "तवा मेंढरं थांबत नव्हती," ती म्हणाली, "आज जहाज थांबत न्हाई." आणि रिक्षात जाऊन बसली.

धक्क्यावर ती दोघं धापा टाकत आली, तर लाँच उभी. माणसं निवांत बसलेली. सहलीची बस वाटेत बंद पडली होती, तिच्यासाठी लाँच थांबली होती. आबा आणि गिताबाई लाँचच्या फळीवर बसून राहिली. ऊन उतरलं. बस येईना. एवढ्या वेळात बांधापल्याड दोनदा जाऊन येणं झालं असतं. आबाला ते कळत होतं, आणि गिताबाईला कळतंय हेही कळत होतं. तिनं चार शिव्या घातल्या असत्या, तर बरं झालं असतं.

अंधारून आल्यावर बस आली. मल्हार, सोनम, सायेब, सगळे हसत-खिदळत लाँचमध्ये चढले. "काय बघितलं आत्या?" सोनमनं विचारलं.

"चा प्यालो," गिताबाई म्हणाली.

पुढं गोव्याला ती लाँचमध्ये उतरलीच नाही. डोकं दुखतंय म्हणाली.

घरी आल्यावर आबानं मनाशी पक्कं केलं, की हिला घेऊन जायचं. पण ऊस तोडणीला आला होता. तो कारखान्याला जाऊ दे. मग उन्हाळा आला, उन्हाचं कशाला? मग पाऊस, घाटात दरडी पडतात. दसरा झाल्यावर गिताबाईनं एकदा विचारलं, "जायाचं का?" आबा म्हणाला, "गुडघं लय धरल्यात, जरा उतार पडू दे." तिनं पुढल्या सालीही एकदा विचारलं. त्यानंतर विचारायचं सोडून दिलं. बाईनं विचारायचं सोडलं की पुरुषाला वाटतं मिटलं. मिटतंय कशाचं!

मग तिच्या पोटात दुखायला लागलं. दौंडच्या डॉक्टरांनी पुण्याला न्यायला सांगितलं, पुण्याच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. शेवटी शेवटी आबा तिच्या उशाशी बसून असायचा. रोज वाटायचं, आज विचारू. अंजीला कुठं ठेवली ते नीट सांग, मी जाऊन येतो. पण विचारायचं म्हणजे ही आता जगत नाही असं तिच्या तोंडावर म्हणण्यासारखं. आज नको, उद्या. असं करता करता गिताबाई गेली.

तेरावं झाल्यावर सोनम ट्रंक आवरत होती. तळाशी हिरवा खण आणि त्या बारक्या बांगड्या. "आबा, हे कुणाचं वो? आत्यांनी कवा सांगितलंच न्हाई."

"आण हिकडं," आबा म्हणाला.

मल्हार म्हणाला, मी गाडी करतो, कुठं जायचं ते सांगा. आबानं त्याला काही सांगितलं नाही. एकटाच निघाला. दौंडहून पुणे, पुण्याहून श्रीवर्धनची गाडी. चिरवलीच्या वळणावर कंडक्टरनं घंटी मारून त्याला उतरवलं, तोवर समोरून दुसरी यष्टी आली. पाटीवर पुणे लिहिलेलं. आबा रस्त्याच्या कडेला त्या पाटीकडं बघतच राहिला. त्या दिवशीही ही गाडी होती की! लाँच गेली असती तर गेली असती. जहाज गेलं असतं तर मसणात गेलं असतं. खण ठेवून, निवांत बसून, संध्याकाळची यष्टी धरून दोघं घरी आली असती. मल्हारला दोन बोलणी बसली असती, बस्स. एवढ्यासाठी आपण तिला पळूसुद्धा दिलं नाही.

तो शेतात उतरला. बांध होता तिथंच होता. बांधावर चढून त्यानं पलीकडं बघितलं. लांबवर शेतं, त्यांच्या कडेनं झाडी. ऐन, आंबा, करंज, कितीतरी. बांधाच्या पल्याड, तितं, त्या... त्या काय? त्या आंब्याखाली? त्या वढ्याकाठी? गिताबाई हात करून सांगत होती आणि आपण घड्याळ बघत होतो. तो एका झाडाखाली गेला, तिथून दुसऱ्या झाडाखाली. वाकून दगड उलथून बघितले. दगड सगळीकडंच होते. साऱ्या मुलखाच्या वाटा पायाखालच्या म्हणणारा माणूस, आणि आज हातभर जागा सापडेना.

शेजारच्या शेतात एक बाई वालाच्या शेंगा तोडत होती. बराच वेळ बघून ती म्हणाली, "काय हरवलंय ओ बाबा?"

"लेक," आबा म्हणाला.

"अगो बाई! केवढी हाय?"

आबानं पिशवी खाली ठेवली आणि दोन्ही हात पुढं धरले. इतकुशी. बाईनं त्या हातांकडं बघितलं, मग त्याच्या पांढऱ्या डोक्याकडं. तिनं शेंगांची टोपली खाली ठेवली.

"ठेवताना कोण होतं? त्यांना विचारा ना."

"वाड्यातल्या म्हाताऱ्या बाया होत्या, त्या कवाच गेल्या. तिची आय होती. ती गेली आता."

"आन् तुम्ही?"

"मी नव्हतो."

बाईनं टोपली उचलली आणि आपल्या वाटेनं गेली. आबा खण आणि बांगड्या हातात घेऊन मधोमध उभा राहिला. कुठं ठेवायच्या? ह्या झाडाखाली ठेवल्या आणि लेक त्या झाडाखाली असली तर? मग त्या वाट न विचारणाऱ्या म्हाताऱ्यानं तोंड वर केलं आणि भर शेतात हाक मारली.

"अगं, सांग की! कुठं ठिवलीस गं तिला?"